आधी श्वास मोजायला शिका
बारावीनंतर ‘नीट’, साडेचार वर्षांचे एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप, पुन्हा ‘नीट-पीजी’ आणि मग तीन वर्षांचे एमडी. बालरोगतज्ज्ञ व्हायचे तर किमान साडेआठ वर्षे द्यावी लागतात. या वाटेवर निघालेल्या मुलामुलींना मनापासून सांगावेसे वाटते, की पुस्तकाइतकेच लक्ष आईच्या मांडीवरच्या बाळाकडे द्या. तान्ह्या बाळाला आपले दुखणे सांगता येत नाही, ते डॉक्टरलाच ओळखावे लागते. बाळ शांत असताना, त्याला हात लावण्याआधी, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना अशी लक्षणे ओळखायला आणि घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या कामाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते संशोधन छापले. हे ज्ञान खेड्यातल्या बाईला येते, तर तुम्हाला पदवीपर्यंत थांबायचे कारण नाही. वॉर्डातल्या पहिल्या दिवसापासून बाळाचे श्वास मोजा आणि त्याच्या आईचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.