घर कोणाचे?

परवा पुष्कळ दिवसांनी बिदरला जाणे झाले. किल्ल्याकडून निघून १४७२ सालचा महमूद गवानचा मदरसा ओलांडला, की चौबारा येतो. त्याच बाजूच्या एका गल्लीत आमच्या मामांचा वाडा आहे. मामा आता नाहीत. मामी आणि धाकटा मामेभाऊ तेथे राहतात. थोरले दोघे पुण्याला आणि हैदराबादला स्थायिक झाले आहेत.

वाडा जांभ्या दगडाचा. सागवानी तुळयांवर मातीचे माळवद. पूर्वी दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, त्यावर पांढरी माती पसरीत असत. आता ते काम जाणणारी माणसे दुर्मिळ झाली आणि सागवानाला हात लावण्याची सोय राहिली नाही. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हापासून या भागात मातीच्या छपराखाली निजणाऱ्याच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. वस्तुतः दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतींना आरपार सांधणारे दगड नव्हते आणि थरावर थर चढून छपरे जड झाली होती. परंतु लोकांनी धडा घेतला तो एवढाच, की स्लॅब हवा.

स्लॅब घालणेही सोपे नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते, ही तरतूद २०१० साली कायद्यातच आली. मामींचा वाडा या दुसऱ्या टप्प्यात मोडतो.

इतके असूनही जागेचा भाव वाढतोच आहे, आणि खरा पेच तेथेच आहे. थोरल्यांना आजच्या भावाने वाटणी हवी. तेवढी रक्कम धाकट्याजवळ नाही. ज्याने घर राखले, त्यालाच ते परवडेनासे झाले!

मामींनी पेटीतून कागद काढले. खरेदीखत निजामाच्या अमदानीतले, उर्दूत. १९५६ नंतरच्या घरपट्टीच्या पावत्या कानडीत. आणि मुलांची पत्रे मराठीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "माळवद गळतं तेव्हा धाकटाच वर चढतो, बाबा. भाव चढला तेव्हा मात्र तिघांनाही घर आठवलं."

थोरल्यांचा हक्क मी नाकारीत नाही. पण हक्काचा हिशेब करताना दुरुस्तीचा खर्च आणि आईची सेवा हेही त्यात यावयास नको काय? असे वाडे आपल्या सीमाभागात घरोघरी आहेत. म्हणून सुचवावेसे वाटते, की वडीलधारी हयात असतानाच भावंडांनी एकत्र बसावे. डागडुजीचा खर्च मांडावा. राहणाऱ्याला हप्त्यांची सवलत द्यावी आणि आईचा आमरण राहण्याचा हक्क नोंदणीकृत कागदावर लिहून ठेवावा. वाडा टिकेल न टिकेल. निदान म्हाताऱ्या माउलीला उतारवयात बिऱ्हाड बदलावे लागू नये.