पावणेपाचचं पाणी

पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट रोज येते. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा. कुणात किती पाणी, किती टक्के. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका ही चौकट धावफलकासारखी वाचतात. तानसा ओसंडून वाहू लागला की लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. सातही तलाव भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास साठा होतो. (हा आकडा डोळ्यांपुढे कसा आणायचा, हे काकांनाही जमलेलं नाही.) मग आपण निर्धास्त होतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मात्र ही चौकट वाचत नाहीत. त्या भांडुपच्या डोंगरावर राहतात. त्यांच्याकडे पाणी पहाटे पावणेपाचला येतं आणि तासाभरात जातं. दोन पिंपं, चार कळशा, शेजारणीची रात्रपाळी असेल तर तिचंही पिंप. प्रेशर नसलं की सहा वाजले तरी दुसरं पिंप अर्धंच. त्या दिवशी मावशींना उशीर होतो आणि माझं तोंड वाकडं होतं.

"ताई, चावीवाला बदललाय," एकदा त्या म्हणाल्या. आधी मला काही कळलंच नाही. मुंबईत पाणी विभागवार, ठरावीक तास सोडतात. पालिकेचे कामगार लांबलचक लोखंडी चावी घेऊन रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवत दिवसरात्र हिंडतात. इथला उघडायचा, तिथला बंद करायचा. चावीवाल्याचं चक्र अर्ध्या तासाने सरकलं की डोंगरावरच्या शेकडो घरांची झोप, शाळा आणि नोकरी अर्ध्या तासाने सरकते.

माझ्या नळाला चोवीस तास पाणी असतं, असं मी बरीच वर्षं समजत होते. नसतं. आमच्या इमारतीलाही ते काही तासच येतं. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि मधला पंप उरलेला दिवस निभावून नेतात. पंप लावायला पहाटे वॉचमन उठतो. म्हणजे पावणेपाच मलाही चुकलेले नाहीत. महिन्याच्या मेंटेनन्समध्ये ते मी दुसऱ्याच्या डोळ्यांवर ढकलले आहेत. ज्यांच्या घरात टाकी नाही, तिथे टाकीचं काम बाई करते. बाई कामावर गेली असेल तर मुलगी.

आणि मावशींची ही तारांबळ भांडुपला! शहराचं बरंचसं पाणी जिथे शुद्ध होतं, ते अवाढव्य जलशुद्धीकरण केंद्र भांडुपलाच आहे. शंभरेक किलोमीटरवरून पाणी इथवर येतं, पण शेजारच्या चढावर चढताना दमतं. कागदावरही सगळे सारखे नव्हतेच. नियोजनात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतल्याला ४५ लिटर, असं माप पालिकेने वर्षानुवर्षं धरलं. झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही, हे उच्च न्यायालयाला २०१४ साली सांगावं लागलं.

म्हणूनच त्या चौकटीवर माझा राग आहे. तलावातला साठा हा वाटपाचा हिशेब नव्हे. २०२४च्या जूनमध्ये दहा टक्के पाणीकपात झाली, तेव्हा आमच्या सोसायटीने नोटीस लावली, काकांनी गाडी धुणं थांबवलं, संपलं. दहा टक्के प्रत्येक घरातून सारखे कापले जात नाहीत. लाइनमधलं पाणी कमी झालं की प्रेशर उतरतं. लाइनच्या सुरुवातीला कुणाला कळतही नाही; मधले लोक लाइनला थेट मोटार लावून ओढतात, बेकायदा असूनही. शेवटच्या नळाला येते फक्त हवा. तिथे कपात दहा टक्क्यांची राहत नाही, अख्ख्या पहाटेची होते.

पालिकेने त्या चौकटीशेजारी दुसरी चौकट द्यावी. प्रत्येक विभागातल्या शेवटच्या नळाला काल किती मिनिटं पाणी आलं आणि एक हंडा भरायला किती वेळ लागला. कठीण नाही. कुठली चावी किती वाजता फिरली, हे फिरवणाऱ्याला ठाऊक असतं आणि हंडा कधी भरला, हे डोंगरावर कुणीही सांगेल. तानसा भरल्याचा आनंद काकांनी जरूर करावा. पण सगळे तलाव काठोकाठ भरूनही ही मिनिटं वाढली नाहीत, तर गफलत पावसाची नाही, हे तरी छापील दिसेल.

परवा मावशी सातच्या ठोक्याला हजर. एवढ्या वेळेवर त्या क्वचितच येतात. मी म्हटलं, "आज पाणी लवकर आलं वाटतं?"

"आलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून दोन रिकाम्या बाटल्या काढून त्यांनी ओट्यावर ठेवल्या.