मध्यस्थाचें मोल

पेठेंतील तंट्यांत मध्यस्थ पडला कीं दोन्ही पक्ष एका पायरीवर येतात, हें कवठे महांकाळच्या व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. सन १९३० च्या ऑगस्टांत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर व सर तेजबहादुर सप्रू येरवड्याच्या तुरुंगांत समेटास गेले, तेव्हां हेंच घडलें. बोलणीं फिसकटलीं; पण बंदिवानांवांचून तह नाहीं, हें सरकारास उमगलें. ५ मार्च १९३१ रोजीं गांधी-आयर्विन करार झाला. तथापि त्रयस्थांस विकलेल्या जप्त जमिनी त्यानें सुटल्या नाहींत. गुजराथेंतील शेतकऱ्यांस त्या बाळासाहेब खेरांच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाच्या काळांत मिळाल्या. मध्यस्थ पायरी मिळवून देतो. पदरांत काय पडावें, तें लोकबळच ठरवितें!