संघ गावाचा की मालकाचा?

एखाद्या लहान शहरातून गेलेला व्यावसायिक खेळाचा संघ परत आणावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ करमणुकीचा वाटतो. परंतु त्यात करदात्यांचा पैसा गुंतलेला असतो आणि गावाची अब्रूही थोडीबहुत पणाला लागलेली असते. अमेरिकेत हा प्रश्न कित्येक वर्षे गावोगावी उभा राहत आला आहे. तेथे बास्केटबॉलची मुख्य लीग म्हणजे एनबीए. तिच्या खालच्या, दुय्यम दर्जाच्या लीगांतील संघ लाख-दोन लाख वस्तीच्या शहरांत येतात, काही वर्षे खेळतात व एके दिवशी गाशा गुंडाळून निघून जातात. न्यूयॉर्क राज्याची राजधानी आल्बनी हिने हा अनुभव एकदा नव्हे, दोनदा घेतला आहे. म्हणून तिचाच इतिहास येथे जरा तपशिलाने पाहणे उचित होईल.

आल्बनीची वस्ती २०२० च्या जनगणनेत लाखाच्या किंचित आतच भरली. १९८२ साली काउंटीचे कार्यकारी प्रमुख जिम कॉइन यांच्या पुढाकाराने तेथे कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशनचा, म्हणजे सीबीएचा, संघ आला. त्याचे नाव ‘पॅट्रून्स’. हडसन नदीच्या खोऱ्यात डच अमदानीत ज्यांना मोठ्या जमिनी व त्यांवरील अधिकार मिळाले ते पॅट्रून. आपल्या भाषेत वतनदारच म्हणा ना! खेळावयाची जागा मात्र वतनदारी थाटाची नव्हती. वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवरची रक्षक दलाची जुनी कवायतशाळा हेच त्यांचे क्रीडागृह. तीन-साडेतीन हजार माणसे आली की ते गच्च भरावयाचे. या कवायतशाळेत फिल जॅक्सन नावाचा तरुण शिक्षक संघाला शिकवीत होता. त्याने १९८४ साली संघास विजेतेपद मिळवून दिले, आणि पुढे एनबीएमध्ये शिकागो व लॉस एंजेलिस येथे मिळून अकरा अजिंक्यपदे पटकावली. १९८७-८८ च्या हंगामात बिल मसलमन यांच्या हाताखाली संघाने ५४ पैकी ४८ सामने जिंकले व विजेतेपदही मिळविले.

गाव असे यशाने फुलून गेलेले असताना मोठ्या क्रीडागृहाचा मोह पडला. १९९० साली काउंटीने बांधलेले निकरबॉकर अरीना उघडले. त्याची आसने पंधरा हजारांच्या घरात. पॅट्रून्स तेथे राहावयास गेले. पुढच्याच हंगामात जॉर्ज कार्ल यांच्या संघाने ५६ पैकी ५० सामने जिंकले. घरचा एकही सामना गमावला नाही. आमच्या मते या साऱ्या कहाणीतील सर्वांत बोलका आकडा हाच. कारण असा पराक्रम करणारा संघ त्यानंतर दोनच वर्षे त्या शहरात टिकला. तीन हजार प्रेक्षक कवायतशाळेत गर्दी ठरतात. पंधरा हजारांच्या सभागृहात तेच तीन हजार ओस पडलेल्या मांडवासारखे दिसतात. १९९२ मध्ये संघाचे जुने नाव जाऊन त्या जागी पॉन्टिॲक मोटारीचे नाव आले, आणि १९९३ मध्ये संघ हार्टफर्डला गेला. अरीनाच्या वास्तुशिल्पज्ञाकडून पैसे घेतल्याबद्दल खुद्द कॉइन हे १९९२ साली फेडरल न्यायालयात दोषी ठरले होते.

तेव्हा जिंकणारा संघ आणला की लोक येतील व लोक आले की संघ राहील, ही जी सोपी समजूत आहे, ती आल्बनीने खोटी पाडली आहे. दुय्यम लीगच्या संघाचे मरण हरण्यात नसते. जागेचा आकार आणि मालकीचा ठावठिकाणा या दोन गोष्टींत असते.

जागेचे झाले. मालकीसाठी इंडियाना राज्यातील फोर्ट वेनकडे पाहू. हे शहर आल्बनीच्या अडीचपट. १९४१ पासून तेथे पिस्टन्स संघ होता. १९५५ साली तो एनबीएच्या अंतिम फेरीत पोहोचला, तर गावचे क्रीडागृह बोलिंगच्या स्पर्धेला आधीच दिलेले! ‘घरचे’ सामने इंडियानापोलिसला जाऊन खेळावे लागले. १९५७ मध्ये तो संघ डेट्रॉइटला गेला. २००७ साली एनबीएच्याच दुय्यम लीगचा मॅड ॲन्ट्स संघ फोर्ट वेनला मिळाला. २०१४ मध्ये तो विजेताही झाला. पुढच्या वर्षी एनबीएच्या इंडियाना पेसर्सनी तो विकत घेतला, आणि २०२३ मध्ये आपल्या सोयीसाठी इंडियानापोलिसला नेला. नंतर त्याच्यासाठी नोब्ल्सव्हिलची निवड झाली. नोब्ल्सव्हिलची वस्ती फोर्ट वेनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण ते इंडियानापोलिसच्या कुशीत आहे. मालकाच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. त्याला हवे होते नवख्या खेळाडूंचे तालीमघर, आणि तालीम घराजवळ असलेली बरी. फोर्ट वेनच्या लोकांनी सोळा वर्षे तिकिटे काढली, ती या हिशेबात धरलीच गेली नाहीत.

बड्या संघाची मालकी म्हणजे गावाचा घात, असा सिद्धान्त मात्र आम्ही मांडीत नाही. दक्षिण डाकोटातील सू फॉल्सचा स्कायफोर्स संघ १९८९ पासून तेथेच आहे, आणि त्याची मालकी हजारो मैलांवरच्या मायामी हीटकडे गेली तरी तो हलला नाही. पण ही मालकाची मर्जी झाली, गावाचा हक्क नव्हे. एकाच हाती सारे गेले म्हणजे काय होते, हे सीबीएनेच पाहिले. १९९९ साली आयझेया टॉमस यांनी सगळी लीगच विकत घेतली. २००१ च्या आरंभी ती बंद पडली. ती पुन्हा उभी राहिल्यावर २००५ मध्ये पॅट्रून्स परतले, आणि २००९ मध्ये लीगबरोबर पुन्हा अस्तंगत झाले.

विरोधकांचा एक आक्षेप आम्हांस विचारार्ह वाटतो. ते म्हणतात, या लीगांतला चांगला खेळाडू गावात राहतच नाही. मग लोकांनी जीव लावावा कोणाला? मारिओ एली आल्बनीकडून खेळता खेळता वर गेला आणि पुढे एनबीएचे तीन अजिंक्य संघ त्याच्या वाट्यास आले, हे खरे. पण हुशार मुले दहावीनंतर निघून जातात म्हणून कोणी गावची शाळा बंद केल्याचे आम्ही ऐकले नाही. शाळेच्या भिंतीवर त्यांची नावे लागतात, आणि पुढच्या वर्गातली मुले ती वाचतात.

म्हणूनच २०१८ मध्ये पॅट्रून्स एका नव्या, लहान लीगमधून त्याच जुन्या कवायतशाळेत परतले, हे आम्हांस शहाणपणाचे वाटते. २०१९ साली त्यांनी त्या लीगचे विजेतेपदही मिळविले. आपल्याकडे २०१५ साली सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघ होता, याची कितीजणांस आठवण आहे? नाव शहराचे होते. पण २०१७ नंतर लीग थांबली तेव्हा पुण्यात कोणास चुकल्यासारखे झाले नाही.

संघ परत आणू पाहणाऱ्या नगरपालिकेने क्रीडागृहाचे भाडे ठरविण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. संघ विकावयाचा झाल्यास पहिली विचारणा स्थानिक ग्राहकास व्हावी. आणि संघ गेलाच, तर त्याचे नाव, रंग व इतिहास शहराकडे राहावा. ही दुसरी अट हवेतली नव्हे. क्लीव्हलँडचा फुटबॉल संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेला, तेव्हा त्या शहराने भांडून ‘ब्राउन्स’ हे नाव व रंग ठेवून घेतले, आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ मैदानात उतरला. क्लीव्हलँडला हे संघ निघाल्यानंतर, कोर्टकचेऱ्या करून मिळवावे लागले. संघ दाराशी उभा असताना करारात हेच कलम घालावयास वकिलाची एक बैठक पुरते.