अर्ध्या उन्हाची जागा

आमच्या पुण्याच्या घराच्या पूर्वेला, आंब्याच्या आडोशाला, दहा बाय सहा फुटांचा एक तुकडा आहे. सकाळी सातला तिथं ऊन येतं आणि साडेदहाला निघून जातं. या जागेत मी तीन वर्षं मोगरा सांभाळला. पानं हिरवीगार, फांद्या लांबच लांब, पण तिसऱ्या उन्हाळ्यात मोजून सात फुलं आली. मोगऱ्याला पाच-सहा तासांचं खणखणीत ऊन हवं, ते मी देत नव्हते. शेवटी कुंडीत घालून तो गच्चीवर नेला, तेव्हा पुढच्या एप्रिलात ओंजळ भरली.

तेव्हापासून मी आधी ऊन बघते, मग झाड. सुट्टीच्या दिवशी दर तासाला जाऊन ऊन कुठवर आलं ते पाहायचं, एवढंच काम आहे. मात्र ते वर्षातून दोनदा करायला हवं. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मग जुलैअखेरपर्यंत भरदुपारी तो किंचित उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या भिंतीशी मे महिन्यात ऊन दिसतं आणि डिसेंबरात तिथं कवडसाही पडत नाही. शिवाय सकाळचे तीन तास आणि दुपारचे तीन तास एक नव्हेत. पश्चिमेचं ऊन नाजूक पानं करपवून टाकतं.

आता त्या तुकड्यात हळद आहे, अळू आहे, कडेला अबोली आणि मागे सोनटक्का. हळद कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या लावतात. अर्ध्या उन्हाचं तिला वावडं नाही. मे-जूनमध्ये कंद पुरला की नागपंचमीला पातोळ्यांपुरती पानं मिळतात, आणि थंडी सरता सरता पानं वाळली की खाली ओली हळद तयार. अळू तर आजीच्या न्हाणीमागं, सांडपाण्यावर, कुणी न लावताच माजलेलं असायचं. सावलीतल्या झाडाची पानं रुंद का असतात, हे अळूकडे पाहिलं की कळतं: मिळेल तेवढा उजेड पसरून घ्यायचा.

अबोलीवर माझा विशेष जीव आहे. तिची वाळलेली बोंडं पाण्याचा थेंब पडताच टच्कन फुटतात आणि बी हातभर लांब उडतं. पहिल्या पावसात तिच्याजवळ उभं राहून ते ऐकावं. पुढच्या महिन्यात रोपं आपोआप उगवलेली दिसतात.

क्रोटन मी मुद्दाम लावला नाही. तो सावलीत जगतो, पण ज्या रंगांसाठी घ्यायचा तेच रंग फिके पडतात. आणि पाणी बेतानं घाला. सावलीतली माती लवकर सुकत नाही; बोट पेरभर खुपसून पाहावं, ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नये. आंब्याच्या मुळांजवळ मात्र उलट असतं, तिथलं पाणी आंबाच ओढून घेतो.

सोनटक्क्यासाठी नर्सरीत जायचीही गरज नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्याकडे दाटीच झालेली असते. पावसाच्या तोंडाशी एक कंद मागून घ्या.