डिस्क मोकळी, सेव्ह कुलपात

प्लेस्टेशन 5 नोव्हेंबर 2020मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या पोटात 825 जीबीची एसएसडी होती. सिस्टिमचा वाटा वजा जाता गेमसाठी उरत होते जेमतेम 667 जीबी. शंभर जीबी ओलांडणाऱ्या गेमचं आता कुणाला नवल वाटत नाही, त्यामुळे सहा-सात मोठे गेम टाकले की 'जागा नाही' हे ठरलेलंच. जादा एसएसडीसाठी आत खाच होती, पण सोनीने ती सुरू केली थेट सप्टेंबर 2021च्या अपडेटमध्ये.

उशीर झाला, तरी सोय चोख आहे. कन्सोलचं पांढरं आवरण सरकवून काढायचं, एक स्क्रू सोडवला की खाच समोर. चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी हवी, वेग सेकंदाला 5,500 एमबी किंवा त्याहून जास्त आणि हीटसिंकसकट जाडी 11.25 मिलिमीटरच्या आत. एवढं जमलं की कंपनी कोणतीही चालते. म्हणजे लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून घासाघीस करता येते.

एक्सबॉक्सवाल्यांच्या नशिबी हे नाही. सिरीज एक्स आणि एसचे नवे गेम जादा जागेवरून खेळायचे तर खास बनावटीचं कार्डच लागतं, आणि पहिली अडीच वर्षं ते फक्त सीगेटचं मिळत होतं. सुरुवातीला अमेरिकेत 1 टीबीच्या कार्डाची किंमत 220 डॉलर होती. अख्खा सिरीज एस तिथे 299 डॉलरना मिळत होता!

पण गेम पुन्हा डाउनलोड होतो, ऐंशी तास खेळून गाठलेला टप्पा होत नाही. तो असतो काही एमबींच्या सेव्ह फाइलमध्ये, आणि इथे मात्र पारडं फिरतं. एक्सबॉक्स प्रत्येकाचे सेव्ह क्लाउडवर फुकट ठेवतो. प्लेस्टेशन 5वर त्यासाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते. पीएस 4वर सेव्ह पेन ड्राइव्हवर कॉपी करता येत होते. पीएस 5च्या गेमचा सुटा सेव्ह तसा काढता येत नाही. 1990च्या दशकातल्या पहिल्या प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड अवघं 128 केबीचं होतं, पण दुसरं कार्ड शेजारी लावलं की सेव्हची प्रत तयार, तीही विनावर्गणी.

निन्टेन्डो याहून कडक. स्विचमध्ये साधं मायक्रोएसडी कार्ड चालतं, पण सेव्ह त्यावर जात नाही. क्लाउडला वर्गणी, आणि 'स्प्लॅटून 2'सारख्या काही गेमना वर्गणी भरूनही क्लाउड बॅकअप नाही. जुना सेव्ह परत आणून लोक ऑनलाइन खेळात लबाडी करतील, हे त्यामागचं कारण. ऑनलाइन स्पर्धेपुरतं ते पटतं. एकट्याने खेळायच्या गेमचा सेव्ह मालकाच्या पेन ड्राइव्हवर गेला तर कुणाचं काय बिघडतं? कन्सोल पैसे मोजून घेतला, गेमही घेतला. स्वतःच्या खेळाची प्रत ठेवायला पुन्हा वर्गणी कशाला? सोनी आणि निन्टेन्डोने ही मुभा द्यायला हवी.

तोवर पीएस 5वाल्यांना एक आडवाट आहे. सेटिंग्जमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर'ने सेव्हसकट कन्सोलचा डेटा यूएसबी डिस्कवर उतरवता येतो. कन्सोल दुरुस्तीला देण्याआधी हे जरूर करावं. मात्र बॅकअप परत भरताना कन्सोलवरचा आधीचा सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे मधल्या काळातला खेळ त्यात जातो.