नकाशावर जिंकलेली निवडणूक

ऑगस्ट २०२५ च्या आरंभी टेक्सास राज्याच्या प्रतिनिधिसभेतील पन्नासाहून अधिक डेमोक्रॅटिक सभासद राज्याची हद्द ओलांडून निघून गेले. त्यांतील पुष्कळसे इलिनॉय राज्यात जाऊन राहिले. त्यांच्यावर कोणी खटला भरला नव्हता की राज्यात बंडाळी माजली नव्हती. दीडशेंच्या सभागृहात शंभर सभासद हजर असल्याखेरीज तेथे कामकाज चालत नाही. अल्पमतात असलेल्या या मंडळींच्या हाती तेवढे एकच शस्त्र उरले होते. सुमारे दोन आठवड्यांनी ते परतले, गणसंख्या भरली आणि ज्या विधेयकासाठी हा सारा खटाटोप होता ते संमत झाले. २९ ऑगस्टला गव्हर्नर ॲबट यांनी त्यावर सही केली. ते विधेयक कराचे नव्हते वा कसल्या बंदीचेही नव्हते; ते होते नकाशाचे. टेक्सासमधून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात ३८ प्रतिनिधी जातात. २०२४ साली त्यांतील २५ रिपब्लिकन होते. अध्यक्ष ट्रंप यांना आणखी पाच हवे होते, आणि हे त्यांनी आडपडदा न ठेवता बोलून दाखविले होते. पाच जागा मतदारांकडून मिळवावयाच्या तर दारोदार फिरावे लागते. नकाशातून मिळवावयाच्या तर एक रेषा इकडची तिकडे सरकविली की पुरे.

अमेरिकेतील निवडणुका न्याय्य असतात काय, हा प्रश्न त्या देशातच अलीकडे मोठ्या आवेशाने विचारला जातो. दुर्दैवाने तो बहुधा चुकीच्या जागी विचारला जातो. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतमोजणीत लबाडी झाली असा मोठा गिल्ला झाला; साठांच्या आसपास दावे गुदरण्यात आले आणि जवळजवळ सगळे न्यायालयांनी फेटाळून लावले. मते मोजणारे तेथे प्रामाणिक आहेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. चोर शोधणाऱ्यांनी मतपेटी धुंडाळली, आणि मतपेटीत चोर नव्हता. तो मतदानाच्या कितीतरी आधी विधिमंडळाच्या दालनात येऊन, कायद्याच्या कलमाखाली सही करून, उजळ माथ्याने निघून गेलेला असतो.

ही विद्या जुनी आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्याच्या सेनेटचे मतदारसंघ आपल्या पक्षाला सोयीचे पडतील अशा रीतीने आखणाऱ्या विधेयकावर सही केली. त्यांतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या जोडून सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याचे रूप दिले आणि गेरी यांच्या नावाशी सांधून ‘गेरीमँडर’ असा शब्द घडविला. पुढे लोक त्याला ‘जेरीमँडर’ म्हणू लागले. बिचाऱ्यांच्या नावाचा उच्चारदेखील शाबूत राहिला नाही. हे गेरी कोणी गल्लीतले पुढारी नव्हते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे आणि नंतर ते देशाचे उपाध्यक्षही झाले. १८१२ च्या निवडणुकीत ते स्वतः पडले. त्यांच्या पक्षाकडे सेनेट मात्र राहिली. नकाशाने आपले काम चोख बजावले होते.

आम्ही या खुर्चीवर येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही हा प्रकार फळ्यावर मांडून दाखवीत असू. वर्गात पंचवीस मुले, पाचपाचांच्या पाच रांगा. पंधरा मुलांना सहल किल्ल्यावर न्यावयाची आहे, दहांना समुद्रावर. प्रत्येक रांगेने आपल्यातील बहुमताप्रमाणे एक मत द्यावयाचे. आता रांगा लावण्याचे काम समुद्रवाल्यांकडे सोपवा. ते तीन रांगांत आपली तीन-तीन आणि किल्लेवाल्यांची दोन-दोन मुले बसवितील. उरलेल्या दोन रांगांत किल्लेवाली नऊ मुले कोंबून आपला एक गडी तेथे वाया घालवितील. तीन रांगा समुद्राच्या, दोन किल्ल्याच्या. सहल समुद्रावर! एकाही मुलाचे मत खोटे पडले नाही, मोजणीत एकाचीही चूक नाही, आणि पंधरांवर दहांनी मात केली. विरोधकांना काही ठिकाणी फोडावयाचे आणि काही ठिकाणी कोंबावयाचे, एवढेच या विद्येचे दोन मंत्र. मुलांना ते दोन मिनिटांत कळत. मग मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येई, “पण सर, रांगा लावायचे काम त्यांना दिलेच कशाला?”

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. त्या देशात दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते आणि तिच्या आधारे प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांचे मतदारसंघ नव्याने आखले जातात. बहुतेक राज्यांत हे काम राज्याचे विधिमंडळच करते. म्हणजे ज्यांनी निवडून यावयाचे तेच किंवा त्यांचेच पक्षबांधव सीमा ठरविणार. स्वयंवरात वधूने वर निवडावा अशी रीत. येथे वरपक्षच वेगवेगळे मंडप घालतो आणि कोणत्या वधूने कोणत्या मंडपात माळ घेऊन उभे राहावयाचे ते आधी ठरवितो.

उत्तर कॅरोलायना राज्यात हा प्रकार कोणत्या थराला गेला ते पाहण्यासारखे आहे. २०१२ साली तेथे रिपब्लिकन पक्षाला निम्म्याहून कमी मते पडली आणि १३ पैकी ९ जागा मिळाल्या. २०१६ मध्ये नकाशा पुन्हा आखण्याची वेळ आली तेव्हा ते काम पाहणाऱ्या एका रिपब्लिकन पुढाऱ्याने समितीत सरळ सांगितले की, नकाशा दहा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट निवडून येतील असा असावा. अकरा आणि दोन असा काढणे शक्य दिसत नाही म्हणूनच आपण दहा आणि तीन म्हणतो! इतका प्रांजळ गुन्हेगार पोलिसांना क्वचितच भेटतो. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जून २०१९ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मान्य केले की अशा टोकाच्या पक्षपाताचे परिणाम अन्याय्य भासतात. परंतु पक्षपात किती झाला म्हणजे अती झाला हे मोजण्याची गजपट्टी न्यायालयापाशी नाही, हा राजकारणाचा प्रश्न आहे, संघराज्याच्या न्यायालयांनी त्यात पडू नये. चार न्यायाधीशांच्या वतीने एलेना केगन यांनी भिन्नमत लिहिले. गजपट्टी समोरच पडलेली होती, हे त्यांनी दाखवून दिले. एका तज्ज्ञाने पक्षाचा विचार न करता गणकयंत्राकरवी त्या राज्याचे तीन हजार नकाशे काढले होते. त्या प्रत्येकात डेमोक्रॅटांना प्रत्यक्षाहून निदान एक जागा अधिक मिळत होती. तीन हजारांत एकही नकाशा विधिमंडळाच्या नकाशाइतका पक्षपाती निघत नसेल, तर त्याला योगायोग कसे म्हणावे? न्यायाधीशांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस आदर आहे. पण मागच्या बाकावरच्या मुलाला जे दिसले ते पाहण्यास त्या पाच जणांनी नकार दिला, असेच आमचे मत आहे.

पुढे काय झाले? उत्तर कॅरोलायनाच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली राज्यघटनेच्या आधारे पक्षपाती नकाशा रद्द केला. त्या वर्षीची निवडणूक न्यायालयाने लावून दिलेल्या नकाशावर झाली आणि १४ जागा सात-सात अशा वाटल्या गेल्या. तेथे न्यायाधीशही निवडून येतात. त्याच निवडणुकीत न्यायालयातील बहुमत पालटले आणि २०२३ मध्ये नव्या बहुमताने जुना निर्णय फिरविला. विधिमंडळाने पुन्हा नकाशा काढला. २०२४ चा निकाल : दहा आणि चार. त्याच दिवशी त्याच मतदारांनी अध्यक्षपदासाठी ट्रंप यांना आणि गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्टाइन यांना बहुमत दिले. मतदार जागच्या जागी होते. हलल्या त्या रेषा.

२०१९ च्या निकालाचे एक अपत्य तर चमत्कारिकच म्हटले पाहिजे. वर्णावरून मतदारांची विभागणी करणे घटनाबाह्य आहे, हे तेथे मागेच ठरलेले आहे. अलाबामातील टस्कीगी गावची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची करण्यात आली आणि सुमारे ४०० कृष्णवर्णी मतदारांपैकी चारपाच वगळता सारे गावाबाहेर फेकले गेले, तेव्हा १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्ध एकमुखाने निकाल दिला होता. परंतु वर्णभेद निषिद्ध आणि पक्षभेद क्षम्य असे ठरल्यावर राज्ये कोर्टात काय सांगणार? ‘आम्ही वर्ण पाहिला नाही, केवळ पक्ष पाहिला!’ दक्षिण कॅरोलायनाने २०२४ साली असाच बचाव केला आणि तो मान्य झाला. ज्या राज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णी एकाच पक्षाला मते देतात तेथे या दोहोंत अंतर ते किती उरते? एका अपराधाची कबुली हीच दुसऱ्या अपराधातून सुटण्याची सनद ठरावी, हे कायद्याच्या इतिहासात विरळाच.

हा रोग एकाच पक्षाला जडला आहे असे कोणी समजू नये. उत्तर कॅरोलायनाबरोबरच ज्याचा निकाल लागला तो मेरीलँडचा नकाशा डेमोक्रॅटांचा होता. त्याने त्यांना आठांपैकी सात जागा मिळवून दिल्या होत्या. टेक्सासचे सभासद ज्या इलिनॉयच्या आश्रयाला गेले तेथेही १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅटांकडे आहेत त्या अशाच करामतीने. न्यायाची दाद मागावयास निघालेल्यांनी मुक्काम ठोकला तोही कोठे! तथापि जेथे जेथे मते आणि जागा यांचा मेळ बसत नाही तेथे तेथे लबाडीच आहे असेही नाही. खुद्द गेरी यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकनांना तिसरा हिस्सा मते मिळतात, आणि १९९४ नंतर प्रतिनिधिगृहाची एकही जागा त्यांनी जिंकलेली नाही. त्यांचे मतदार राज्यभर इतके सारखे विखुरलेले आहेत की प्रामाणिक नकाशाही त्यांना फारसा उपयोगी पडणार नाही. म्हणून निव्वळ टक्केवारी पाहून आरोप करणे बरे नव्हे. रेषा कोणी आखली आणि कशासाठी, हे पाहावे लागते.

उपाय अज्ञात नाही. ॲरिझोनाने २००० साली, कॅलिफोर्नियाने २००८ साली आणि मिशिगनने २०१८ साली जनतेच्या कौलाने हे काम विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिले. आपल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही; आपल्याकडे १९५२ पासून मतदारसंघांची पुनर्रचना सामान्यतः न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील आयोगच करीत आला आहे. आयोग म्हणजे निर्दोष असेही नव्हे. मिशिगनच्या आयोगाने आखलेल्या नकाशावर २०२२ साली डेट्रॉइटच्या एका मतदारसंघातून आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार निवडून आले. ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मकथनामुळे ते मराठी वाचकांस परिचित आहेतच. एका मराठी माणसाच्या यशाने आम्हांस आनंद झाला हे लपविण्याचे कारण नाही. परंतु नऊ उमेदवारांत प्राथमिक मते विभागली गेली आणि १९५५ पासून डेट्रॉइटच्या कृष्णवर्णी समाजाला वॉशिंग्टनमध्ये जो आपला माणूस सतत लाभत होता तो त्या वेळी राहिला नाही, ही त्या समाजाची खंतही खोटी नाही. याच आयोगाने राज्य विधिमंडळासाठी त्या भागात आखलेले काही मतदारसंघ २०२३ अखेर न्यायालयाने वर्णाच्या मुद्द्यावर रद्द केले. आयोग चुकू शकतो. फरक इतकाच की चुकून त्याच्या सभासदांना स्वतःची जागा मिळत नाही.

आणि म्हणूनच ४ नोव्हेंबर २०२५ चा कॅलिफोर्नियाचा कौल आम्हांस फार अस्वस्थ करून गेला. टेक्सासने पाच जागा ओढल्या म्हणून कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटांनी आपल्या आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूस ठेवून पाच जागांचे उट्टे काढणारा नकाशा लोकांपुढे ठेवला, आणि लोकांनी तो मोठ्या बहुमताने उचलून धरला. टेक्सासमध्ये मतदारांना विचारलेदेखील नव्हते. येथे विचारले, हा भेद आम्ही मान्य करतो. समोरचा लाठी घेऊन आला असता आपण हात जोडून उभे राहावे काय, हा प्रश्नही रास्त आहे. तरीपण त्या विजयाबद्दल अभिनंदनाचे शब्द आमच्या लेखणीतून उतरत नाहीत. कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन शेतकऱ्याने टेक्सासच्या डेमोक्रॅटिक शिक्षिकेचे काय बिघडविले होते, की तिच्या मताची भरपाई त्याच्या मताने व्हावी?

यातून वाट काढण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलेला आहे. मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने सर्व राज्यांत स्वतंत्र आयोग नेमण्याचे विधेयक संमतही केले होते. सेनेटमध्ये ते अडले. अशाच नकाशांवर निवडून आलेले लोक नकाशे बदलतील अशी आशा आम्ही फारशी धरीत नाही. परंतु इंडियाना राज्यात ११ डिसेंबर २०२५ रोजी जे घडले त्याची नोंद केल्यावाचून राहवत नाही. तेथे नऊपैकी सात जागा रिपब्लिकनांकडे होत्याच. उरलेल्या दोनही पुसून टाकणारा नकाशा राज्याच्या सेनेटपुढे आला. खुद्द अध्यक्षांनी दडपण आणले, उपाध्यक्ष येऊन गेले, विरोध करणाऱ्यांना पुढच्या निवडणुकीत पाडण्याची भाषा झाली, कित्येकांच्या घरी धमक्या पोहोचल्या. मत घेण्यात आले तेव्हा विधेयक १९ विरुद्ध ३१ मतांनी पडले. त्या सभागृहात डेमोक्रॅट दहाच आहेत. उरलेले एकवीस जण अध्यक्षांच्याच पक्षाचे होते.